बुधवारचे पाळकबाबा

आमच्या गावात शिकलेली माणसं पुष्कळ होऊन गेली, पण शिकून झाल्यावरही विचार करत राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो बायकोच्या बदलीमागून आमच्याकडे आला होता. शहाऐंशी सालची गोष्ट. मंदाबाई म्हणून नर्स आमच्या आरोग्य केंद्रावर बदलून आल्या. सामानाच्या टेम्पोतून आधी पुस्तकं उतरली, मग भांडी, आणि शेवटी एक उंच, सडपातळ, पन्नाशीचा माणूस. हातात कंदील, काखेत उशी. गिरधर, माझा चुलतभाऊ, पारावर बसला होता. तो म्हणाला, "बाईचा नवरा दिसतो. काय करत असेल?" मी म्हटलं, "उशी सांभाळतो."

हेच जीवराम. रावेर तालुक्याच्या केळीपट्ट्यात ते पुढे नऊ वर्षं राहिले, आणि शेवटचा श्वासही इथेच घेतला. लोक त्यांना पाळकबाबा म्हणायचे. ख्रिस्ती लोकांत देवळाचा पुजारी नसतो, पाळक असतो, आणि भक्तांच्या मेळ्याला ते मंडळी म्हणतात. एवढं मी त्यांच्याकडूनच शिकलो. मी सातवी पास, लेवा पाटील, केळीवाला. माझं खळं, म्हणजे धान्य-चाऱ्याचं भिंतींचं आवार, रिकामं होतं, ते मी त्यांना उपासनेसाठी दिलं. तिथून आमची दोस्ती.

जन्म त्यांचा पिंपळनेरकडचा. बाप मिशनच्या दवाखान्यात बैलगाडी हाकायचा. पोरगं हुशार म्हणून धुळ्याला देवपुरात शाळेत घातलं, तिथून पुण्याला गेले आणि ईश्वरविज्ञान शिकले. परत देवपुरात येऊन वीस वर्षं खेड्यांच्या पाळकांना शिकवत राहिले. हे ईश्वरविज्ञान म्हणजे काय, ते मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं.

ते म्हणाले, "भाऊ, केळी तर सगळेच लावतात. पण पान पिवळं पडलं की रोग सांगायला कृषीवाला येतो ना? तसं. भक्ती सगळे करतात. तिला कुठला रोग लागलाय ते आम्ही बघतो."

"आणि औषध?"

"ते अजून कुठल्या कंपनीनं काढलं नाही."

असा माणूस. आमच्या ओट्यावर येऊन पेपर उघडला की आधी केळीचे भाव वाचायचे, मग जगाच्या लढाया. मी म्हणायचो, तुमची बाग कुठे आहे बाबा? ते म्हणायचे, माझी माणसं ज्या भावावर जगतात तो मला माहीत नको का?

त्यांची माणसं म्हणजे केळी कापणारी टोळी. साक्री-पिंपळनेरकडून कधीकाळी कामाला आलेली आणि इथेच राहिलेली थोडी घरं. आज्या-पणज्यापासून ख्रिस्ती. कौतिक त्यांचा मुकादम. बोली सगळ्यांची अहिराणी, त्यामुळे पाळकबाबा त्यांच्यात बसले की आम्ही लेवा लोक अर्ध्या गोष्टी हसण्यावरून समजून घ्यायचो.

पहिल्या रविवारी मोठी गंमत झाली. त्यांनी खळ्यात रेल्वेरुळाचा तुकडा टांगला आणि सकाळी दणादण वाजवला. आमच्या प्राथमिक शाळेत घंटा म्हणून असाच तुकडा. अर्धी शाळा दप्तर घेऊन पळत सुटली. मास्तर बनियनवर बाहेर आले, म्हणाले, "आज रविवार ना रे?" इकडे खळ्यात पाळकबाबा झगा घालून उभे, समोर मी, मंदाबाई आणि कौतिकची म्हातारी आई. बाकी मंडळी कुठे? बागेत. ट्रक लागला होता.

केळीचं असं आहे. माल तयार झाला, व्यापाऱ्यानं ट्रक पाठवला, की कापणी त्याच दिवशी. दिल्लीत आठवड्याच्या सुरुवातीला माल लागतो म्हणून ट्रक बहुतेक शनिवार-रविवारी भरायचे. चार महिने पाळकबाबा रविवारी रूळ वाजवत राहिले आणि चार महिने तीच तीन माणसं. एकदा तर झगा घालून थेट माझ्या बागेत आले, म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत उपासना घेतो. घेतली. पण टोळीची अर्धी नजर ट्रकवर, आणि वरच्या घडाचा चीक टपटप त्यांच्या पांढऱ्या झग्यावर. केळीचा चीक धुतल्यानं जात नाही, काळा पडतो. मंदाबाईंनी लिंबू लावलं, रॉकेल लावलं. शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही चित्त्यासारखे दिसता. असेच राहा."

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला टीव्हीवर रविवारी सकाळी पौराणिक मालिका सुरू झाली. गावात टीव्ही दोन. माझ्या घरी पन्नास माणसं, टीव्हीला हार, समोर उदबत्ती. नर्मदा, माझी बायको, चपला दाराबाहेर काढायला लावायची. पाळकबाबाही एकदा येऊन मागे बसले. मालिका संपल्यावर मी चिडवलं, "काय बाबा, आमची मंडळी कशी भरते?"

ते म्हणाले, "छान भरते. पण यात कौतिक कुठे आहे? तुमचे हिंदू सालदार कुठे आहेत?"

मी इकडे तिकडे पाहिलं. एकही नव्हता. सगळे बागेत.

"भाऊ," ते म्हणाले, "लोक म्हणतात, आजच्या काळात माणसाला देव नको झालाय. मी पुण्यात यावर मोठी पुस्तकं वाचली. पण इथे येऊन पाहतो तर देव सगळ्यांना हवा आहे. वेळ कोणाची आहे, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या देवाची वेळ टीव्हीवाला ठरवतो, माझ्या देवाची ट्रकवाला."

मी विनोद केला. "तुमच्या देवाला बुधवार चालत नाही का? सोमवार महादेवानं घेतला, शनिवार मारुतीनं, रविवार तर आमच्या खंडोबाचाच आहे. बुधवार त्यातल्या त्यात मोकळा. आणि बाजाराचा दिवस, टोळी घरीच असते."

आमच्याकडे मजुराला सुट्टी बाजाराच्या दिवशी, आणि आमचा बाजार बुधवारी. त्या दिवशी कोणी कोयता उचलत नाही. व्यापारीसुद्धा ट्रक पाठवत नाही, हा जुना रिवाज. माझ्या विनोदावर सगळे हसले. पाळकबाबा हसले नाहीत. चहा न पिता उठून गेले. पंधरा दिवसांनी बुधवारी सकाळी रूळ वाजला, आणि माझं खळं भरलं. बायका डोक्याला तेल लावून, बाजाराच्या पिशव्या शेजारी ठेवून बसलेल्या. बन्सीलाल नावाचा गडी टाळ असे वाजवायचा की रस्त्यावरून बाजाराला जाणारे उभे राहायचे. उपासना संपली की सगळे तसेच बाजारात. गिरधर म्हणाला, "आधी देव, मग वांगी. क्रम चांगला आहे."

आता हे गावापुरतं राहिलं असतं तर काही नव्हतं. पण विचार करणाऱ्या माणसाला लिहायची खोड असते. त्यांच्या समाजाच्या मासिकात बाबांनी लेख लिहिला. त्यात म्हटलं, देवपुरात रविवारी देऊळ भरतं, कारण तिथे शिक्षक, नर्सा, कारकून आहेत. त्यांना रविवार सरकारनं दिलाय आणि ते समजतात देवानं दिला. ज्याला सुट्टी नाही त्याला उपासना नाही, असा धर्म आपण आधुनिक काळात तयार केला आहे. लेख छापून आला आणि महिनाभरात देवपुराहून बोलावणं. मंडळींची समिती बसणार होती. पाळकाला ठेवायचं की काढायचं, हे तिच्या हातात.

मला धुळ्याला इंजिनाचं सामान घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर सामान जळगावलाही मिळत होतं. पण मी त्यांच्यासोबत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मला वाटलं, भांडण होईल. त्यांनी आधी सगळ्यांना चहा दिला. मग एक बारीकशा म्हाताऱ्या बाई चष्मा पुसून म्हणाल्या, "जीवराम, तुला बाराखडी मी शिकवली. मग हे असं लिहायला कोणी शिकवलं?"

त्या कुंदाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, समितीच्या प्रमुख. सारं देवपूर त्यांना वचकून.

"बाई, तुम्हीच," बाबा म्हणाले. "दिसेल ते लिहायचं, म्हणाला होतात."

"आज बाजार म्हणून बुधवार. उद्या लग्नाची तिथी म्हणून मंगळवार. गावोगाव वेगळा वार झाला तर आपण एक मंडळी राहू का? साऱ्या जगात ख्रिस्ती माणूस रविवारी हात जोडतो. त्या दिवशी आपला प्रभू मेलेल्यांतून उठला. ही काय ट्रकवाल्याशी ठरवायची गोष्ट आहे?"

बाबा काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "आणि रविवार सरकारनं दिला म्हणतोस. माझे वडील गिरणीत होते. रविवारची पाळी लागली तर जाणार नाही म्हणाले. गेले नाहीत. मालकानं काढलं. आम्ही ज्वारीच्या कण्या खाल्ल्या. मला रविवार कोणी दिला ते मला माहीत आहे."

माझा मित्र हरला, असं मला वाटलं. मला वाईट वाटलं आणि बाईंचं बरोबर आहे असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटायला आधी कधी जमलं नव्हतं.

पाळकबाबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांनी मालकाला नाही म्हटलं. तोच खरा रविवार. मी लेखात ते लिहायला हवं होतं. मी माझ्या माणसांची सोय केली, पण त्यांना नाही म्हणता येतं हे सांगितलं नाही."

कुंदाबाईंनी चष्मा लावला. "मग ठरलं. दोन महिन्यांनी ईस्टर आहे. उठलेल्या प्रभूचा रविवार. वर्षातला तो एक. त्या दिवशी तुझी मंडळी खळ्यात आली, सगळी आली, तर बाकीचे बुधवार तुझे. नाही आली, तर खळं बंद. तू इथे परत येऊन शिकव, आणि त्या लोकांना भुसावळच्या मंडळीला जोडू. मी स्वतः येईन बघायला."

भुसावळला जोडू म्हणजे काय ते मला कळत होतं. टोळीतलं कोण रविवारी भुसावळला जाणार? मंडळी संपली, एवढाच त्याचा अर्थ.

येताना एस.टी.त मी म्हटलं, "बाबा, काळजी सोडा. त्या रविवारी माझ्या बागेत कापणी नाही. गिरधरलाही सांगतो. दोन-चार बागायतदार माझ्या शब्दातले आहेत."

"नको," ते म्हणाले.

"काहून?"

"तुम्ही सुट्टी दिली तर ती तुमची कृपा होईल. आमच्याकडे कृपा करणारा एक आहे, भाऊ, दुसऱ्याची जागा नाही. बुधवार रिवाजानं मिळाला. हा एक रविवार त्यांनी स्वतः घ्यायचा आहे. तुम्ही आपला ट्रक बोलवा."

मला राग आला. माणूस बुडतोय आणि दोर धरत नाही. एरंडोलपर्यंत मी बोललो नाही. मग भजी मिळाली आणि बोललो.

त्यानंतरच्या बुधवारी बाबांनी गिरणीतल्या एका बापाची गोष्ट सांगितली. कोणाचं नाव नाही, तुम्हीही असं करा असं नाही. देवपुरात काय ठरलं तेवढं सरळ सांगितलं आणि पुढचं भजन काढलं. मी खळ्याच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, दोन वाक्यं ठासून सांगायला काय जातं?

एप्रिल उजाडला. ऊन असं की घड झाडावरच पिवळे पडायला लागले. आणि व्यापाऱ्याचा फोन आला, ट्रक रविवारी सकाळी. नेमका तोच रविवार. मी नाही म्हणू शकत होतो, पण बाबांनी बजावलं होतं, तुमचा ट्रक बोलवा. बोलावला. शनिवारी दुपारी कौतिक दारात आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"आबा, सकाय आमी येवाव नहीत."

"काहून रे?"

"सण शे आमना."

"सगळेच नाही येणार?"

"बठ्ठासनं मी कसं सांगू? मी मनं सांगस."

"पाळकबाबांनी सांगितलं का असं बोलायला?"

कौतिकनं डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "त्यासनी काहीच नही सांगं. तोच तर तरास शे."

तो गेला. आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? दोन महिने ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. पण मला झाला राग. बाग माझी, ट्रक उभा राहणार, आणि हा सरळ नाही म्हणतो. नर्मदा चुलीपाशी हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "तुम्हाले कळलं का आता, कुंदाबाईच्या बापाचा मालक कसा दिसत असेल?"

मी आरशात पाहिलं नाही. धोतर खोचलं आणि गिरधरकडे गेलो.

रविवारी पहाटेच खळ्यात भजन सुरू झालं. इकडे आम्ही बागेत. मी, माझे दोन मुलगे, गिरधर आणि सुपडू, आमचा जुना सालदार, तो कबीरपंथी, त्याला सण नव्हता. केळीचा घड कापणं वरून सोपं दिसतं. एकानं झाड वाकवायचं, एकानं कोयता मारायचा, एकानं खांद्यावर झेलायचा, आणि घड खाली टेकू द्यायचा नाही, नाहीतर मार लागून काळा पडतो. आम्ही पहिले घड असे पाडले की सुपडूनं तोंड फिरवलं. गिरधर कमरेला हात लावून म्हणाला, "पितांबर, तू काय ख्रिस्ती झालास का?"

मी म्हटलं, "नाही रे, मजूर झालो."

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, आणि मी ट्रककडे निघालो. वाट खळ्यावरून. दारात पाळकबाबा, तोच डागांचा झगा, आणि शेजारी कुंदाबाई. उपासना नुकतीच संपली होती. बायका एकमेकींना साखर वाटत होत्या.

"हा कोण?" कुंदाबाईंनी विचारलं. चिकानं माझं तोंड माखलेलं, त्यांनी ओळखलं नाही.

"बागेचा मालक," बाबा म्हणाले.

"मालक घड वाहतो?"

"आज वाहतो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत वळून एकेक चेहरा पाहिला. शाळेत हजेरी घेताना पाहावं तसं. "सगळे आले?"

इथे माझा पाय थांबला. घड डोक्यावर, मान मोडायला आलेली, पण मी थांबलो. कारण मला माहीत होतं. येताना गिरधरच्या बांधापलीकडे दुसऱ्या एका बागेत मी बन्सीलालला पाहिलं होतं, कोयता हातात. मला पाहून तो झाडाआड झाला होता. त्या मालकानं गेल्या पावसाळ्यात त्याला राहायला खोली दिली होती. हे बाबांना कळलंय की नाही, मला माहीत नव्हतं. एक होकार पुरेसा होता. कुंदाबाई काही पटावर नावं मांडून आल्या नव्हत्या.

"नाही," पाळकबाबा म्हणाले. "बन्सीलाल आला नाही. कापायला गेलाय."

कौतिकनं खाली पाहिलं. मंदाबाई पुढे होऊन काही बोलणार होत्या, पण नवऱ्याकडे पाहून थांबल्या.

"मी सगळे म्हटलं होतं," कुंदाबाई म्हणाल्या.

"म्हटलं होतंत."

"मग त्याला मंडळीतून काढणार?"

"नाही. त्याला नाही म्हणता आलं नाही, बाई. म्हणून तो आमचा नाही, असं होत नाही. तो बुधवारी येईल. खळं उघडं असेल तर."

कुंदाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "गिरणीत वडिलांच्या खात्यात आणखीही ख्रिस्ती होते. ‘नाही’ असं एकट्या वडिलांनीच म्हटलं. बाकीचे पाळीवर गेले. ते संध्याकाळी आमच्या घरी आले, दारातच उभे राहिले. कोणाला आत यायची हिंमत नव्हती. वडिलांनी सगळ्यांना आत घेतलं. कण्या तेवढ्याच होत्या, त्या वाटल्या." त्यांनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकानं पुसत राहिल्या. "एवढी वर्षं मी वडिलांची पहिली गोष्ट सांगत आले. ही दुसरी विसरले होते."

बाबांनी साखरेची वाटी त्यांच्यापुढे धरली.

"बुधवार राहू दे," बाई म्हणाल्या. "जे आज आले त्यांना तो लागणार नाही, ते आपला दिवस काढतील. बन्सीलालला लागेल. समितीला मी सांगते." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही तो घड ठेवा आता कुठेतरी. मान मोडेल."

मी ट्रककडे गेलो. व्यापाऱ्याचा माणूस आमचे घड बघून म्हणाला, "ही कापणी कोणी केली? म्हशींनी?" मी म्हटलं, "हो. भर."

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम लवकर खळ्यात गेलो. सगळे आले. बन्सीलाल सगळ्यात शेवटी आला आणि दाराबाहेर चपलांच्या जवळ बसला. आत कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे कळत होतं. पाळकबाबांनी प्रार्थना केली, मग टाळ उचलले, माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेले आणि ते त्याच्या मांडीवर ठेवले.

"चल," ते म्हणाले, "तुन्हाबिगर भजन सुरू व्हत नही."

बन्सीलालनं टाळ धरले. पहिल्या कडव्याला त्याचा ताल चुकला. कौतिक मागे न बघताच म्हणाला, "हळू रे." दुसऱ्या कडव्याला लागला.